रोवाफॉस आणि छोटा रिअॅक्टर: रीफ टँकमधल्या केसाळ शेवाळावर कितपत उपयोगी?

रोवाफॉस हा रीफ टँकसाठीचा (कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठीचा) फेरिक हायड्रॉक्साइडचा दाणेदार मीडिया, म्हणजे फिल्टरमध्ये भरायचा पदार्थ, आहे. तो शेवाळाला पोसणारं फॉस्फेट शोषतो, शेवाळ मारत नाही. हे लक्षात न घेता जे तो विकत घेतात, त्यांचीच निराशा होते. पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट दाण्यांच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतं, एवढंच त्याचं काम, आणि ते तो फार चांगलं करतो. नायट्रेटवर त्याचा परिणाम नाही. खडकांच्या फटीत साचलेला गाळही तसाच राहतो, तो सायफनने आपल्यालाच काढावा लागतो.

खडकावर बोटभर शेवाळ आणि टेस्टमध्ये फॉस्फेट शून्य, असं बऱ्याचदा दिसतं. टेस्ट चुकलेली नसते. पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळच आधी उचलतं. म्हणून आधी उपसणी, मग मीडिया. रिटर्न पंप आणि वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवणारे पंप) बंद करा, सायफनची नळी घासायच्या जागेला टेकवून धरा आणि कडक टूथब्रशने घासत तिथल्या तिथे ओढून घ्या. तुकडे सुटले की दुसऱ्या खडकावर रुजतात.

त्याआधी एक झुपका पांढऱ्या बशीत पाणी घेऊन पसरा आणि भिंगातून पाहा. साधे, मऊ, सुटे धागे असतील तर रोवाफॉसचा उपयोग होईल. मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे असतील तर ते ब्रायॉप्सिस. फॉस्फेट कितीही उतरवलं तरी ते सहसा हटत नाही, त्याला फ्लुकोनॅझोल लागतं (लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम, फिल्टरमधला कार्बन काढून, दोन ते तीन आठवडे).

मीडिया पिशवीत घालून सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकता येतो, पण पाणी पिशवीला वळसा घालून जातं आणि आतले दाणे कोरेच राहतात. रिअॅक्टर (पंपाने मीडियातूनच पाणी ढकलणारा डबा) घ्याच. मीडिया आधी आरओडीआयच्या (आरओ आणि रेझिन फिल्टरने शुद्ध केलेल्या) पाण्याने धुवा. खाली स्पंज, त्यावर मीडिया, वर स्पंज, आणि दाण्यांना हलायला वर मोकळी जागा. सुरुवातीचं तांबूस पाणी सम्पमध्ये न सोडता बादलीत घ्या. प्रवाह इतकाच ठेवा की वरचा थर मंद उकळी आल्यासारखा हलेल. जास्त झाला तर दाणे एकमेकांवर घासून भुकटी होते, ती टँकभर पसरते. कमी झाला तर दाण्यांचा गठ्ठा बसतो आणि पाणी एकाच वाटेने निघून जातं.

या मीडियाची सगळ्यात मोठी खोड म्हणजे त्याचा वेग. डब्यावरची पूर्ण मात्रा पहिल्याच दिवशी घातली की फॉस्फेट धाडकन खाली येतं आणि एसपीएस (छोट्या पॉलिपच्या कठीण) कोरलची टोकं पांढरी पडायला लागतात. १०० लिटरला १० ग्रॅमने सुरुवात करा, आठवडाभराने वाढवा. फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पीपीएम आणि नायट्रेट २ ते १० पीपीएमच्या आसपास राहिलं की पुरे. दोन्ही शून्यावर नेणं म्हणजे डायनोफ्लॅजेलेट्सना (तपकिरी, चिकट थर करणाऱ्या सूक्ष्म जीवांना) आमंत्रण, आणि ते केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी चिवट. पहिल्या काही दिवसांत अल्कलिनिटीही (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, डीकेएचमध्ये मोजतात) उतरू शकते, कारण दाण्यांवर कॅल्शियम कार्बोनेट बसतं. रोज मोजा. अल्कलिनिटी आधीच ११ डीकेएचच्या वर असेल तर गठ्ठा होण्याचा धोका वाढतो.

मीडिया संपला हे तारखेवरून ठरवू नका. रिअॅक्टरमध्ये जाणारं आणि त्यातून बाहेर पडणारं पाणी वेगवेगळं मोजा. दोन्ही आकडे सारखे आले की बदला. हॅनाचा एचआय७७४ चेकर (फॉस्फेट मोजायचं हातातलं यंत्र) वापरत असाल तर त्याची अचूकता ±०.०२ पीपीएम आहे, त्यामुळे ०.०४ आणि ०.०५ मधल्या फरकाला काही अर्थ नाही. पहिलं भरण लवकर संपलं तर मीडिया वाईट समजू नका. जुन्या खडकात मुरलेलं फॉस्फेट पाण्यात परत येत राहतं, आणि दोन-तीन भरणं त्यातच खर्ची पडतात.

फॉस्फेट उतरवणारं दुसरं रसायन, लँथेनम क्लोराइड, मोठ्या टँकला स्वस्त पडतं, पण त्याचा गाळ ५ ते १० मायक्रॉनच्या सॉकमध्ये अडवावा लागतो आणि तो निसटला तर टँग माशांना त्रास होतो. फॉस्फेट १ पीपीएमच्या वर असेल तेव्हाच आम्ही त्याचा विचार करू. त्याखाली रोवाफॉसच घ्यावा. मात्र टॉप-अपच्या (उडून गेलेल्याची भर घालायच्या) पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या घटकांचं एकूण प्रमाण) शून्य नसेल, तर आधी आरओडीआयचं रेझिन बदला आणि मगच डबा विकत घ्या.