बीआरएसआर दोन वर्षं भरून: ५ पैकी साडेतीन, तेही एका ओळीमुळे

आधीच सांगते, मी ईएसजीवाली (पर्यावरण, समाज, कारभार यांचे रिपोर्ट बघणारी) वगैरे नाही. वाळूजच्या एका प्लांटला एचआरमध्ये आहे, टाइम ऑफिस, कंत्राटी लेबर, कॅन्टीन, बस हे सगळं माझ्या गळ्यात, आणि २०२४ च्या जानेवारीत एचओवरून (हेड ऑफिसमधून) मेल आला की प्लांटचा बीआरएसआरचा, म्हणजे कंपनी माणसांशी आणि पर्यावरणाशी कशी वागते त्या वार्षिक रिपोर्टचा डेटा आता तुम्ही द्यायचा. आधी जो द्यायचा तो नोकरी सोडून गेला आणि जाताना ११ शीटची एक एक्सेल ठेवून गेला, त्यातल्या चार शीटना पासवर्ड. फोन केला तर म्हणाला "ताई मलाही आठवत नाही". तिथून सुरुवात. दोन रिपोर्ट गेले, तिसऱ्याची तयारी चालू आहे, म्हटलं आता लिहायला हरकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेबीने मे २०२१ मध्ये हा फॉर्म आणला आणि २०२२-२३ पासून मार्केट कॅपनुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना तो सक्तीचा आहे. त्याआधी २०१२ पासून बीआरआर नावाचा जुना फॉर्म होता, त्यात बराचसा मामला "धोरण आहे का? हो / नाही" असा, सगळीकडे हो लिहिलं की घरी जायला मोकळे. नव्या फॉर्ममध्ये नऊ तत्त्वं आहेत, माणसांचं मुख्यतः तिसऱ्यात (आरोग्य, विमा, सुरक्षितता, ट्रेनिंग) आणि पाचव्यात (पगार, किमान वेतन, लैंगिक छळाच्या तक्रारी). पाण्याचं, विजेचं, कार्बनचं मेंटेनन्सवाला भरतो, त्याचं दुःख वेगळं.

आता मुद्दा. मला हा फॉर्म आवडला तो एका ओळीमुळे: "पर्मनंट सोडून इतर". माझ्या आधीच्या सगळ्या नोकऱ्यांत "आपल्याकडे माणसं किती" विचारलं की उत्तर पगारपत्रकातून यायचं, म्हणजे पर्मनंट आणि फार तर ट्रेनी. कंत्राटी लोक हे परचेसच्या बिलात. खरंच, लेबर सप्लायचं बिल ज्या फाइलला लागायचं त्याच फाइलला गवत काढण्याचं बिल. हा फॉर्म पहिल्याच भागात विचारतो की कामगार किती, त्यातले पर्मनंट किती, इतर किती, बाया किती, पुरुष किती, आणि तिथे आकडा लिहावाच लागतो. पहिल्या वर्षी आमच्याकडे तीन आकडे निघाले. ठेकेदाराच्या हजेरीत एक, गेटपासच्या रजिस्टरला दुसरा, ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) चलनाला तिसरा, आणि तिन्हींत फरक चाळीस-पन्नास माणसांचा. ठेकेदाराला बोलावलं तर म्हणे मॅडम सीझनला येतात जातात. मी म्हटलं येऊ द्या जाऊ द्या, पण ३१ मार्चला गेटच्या आत किती होते ते सांगा. चार दिवस लागले. पण आता दर महिन्याला चलन, हजेरी आणि गेट जुळल्याशिवाय त्याचं बिल पुढे सरकत नाही. हे कुठल्या ऑडिटने झालं नाही, त्या एका ओळीने झालं.

एक गंमत सांगायची राहिली. "एम्प्लॉयी" कोण आणि "वर्कर" कोण याची व्याख्या फॉर्मने २०२० च्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमधून घेतली, आणि तो कोड लागू झाला नोव्हेंबर २०२५ मध्ये. म्हणजे आम्ही सगळे इतकी वर्षं लागू न झालेल्या कायद्याच्या व्याख्येवर माणसं मोजत होतो. सुपरवायझर कुठल्या रकान्यात यावर एचओशी माझं दोनदा वाजलंय.

बरं, ही "पर्मनंट सोडून इतर" ओळ पुढे काय करते बघा. विम्याच्या तक्त्यात आहे. किमान वेतनाच्या तक्त्यात आहे. पण तीन वर्षांत किती जण सोडून गेले हे विचारताना फॉर्म फक्त पर्मनंटचं विचारतो. युनियनमध्ये किती जण आहेत, फक्त पर्मनंट. बाळंतपणाच्या रजेवरून किती जणी परत आल्या, तेही पर्मनंटच. आमच्या प्लांटला पर्मनंट वर्कर सोडून जायचं प्रमाण इतकं कमी आहे की तो आकडा बघून कुणालाही वाटावं वा काय सुखी कुटुंब आहे, आणि त्याच गेटमधून वर्षभरात कंत्राटी पोरं किती आली नि किती गेली हे कुणी विचारतच नाही. मी माझ्यासाठी एका शीटमध्ये ठेवते. तो आकडा इथे लिहिणार नाही, नोकरी करायचीय मला.

ग्रॅच्युइटीचं पण तसंच. तक्त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआय अशा तीन ओळी, किती टक्के कव्हर ते लिहायचं. वर्कर १००%. कागदावर बरोबर आहे, कायदा लागू आहे ना. पण ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात आणि ठेकेदार बदलला की माणूस तोच, मशीन तेच, युनिफॉर्मवरचं नाव नवीन आणि नोकरीची तारीख पण नवीन. आमच्याकडे एक काका पॅकिंगला नऊ वर्षं आहेत, तीन ठेकेदारांकडे मिळून. त्या १००% मध्ये ते पण आहेत.

ईएसआयची ओळ मात्र उलटी वाचायची असते हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पहिल्या वर्षी आमचे बरेच वर्कर ईएसआयमध्ये होते, मग वेतनकरार झाला, बऱ्याच जणांचा पगार २१ हजारांच्या वर गेला आणि ते ईएसआयतून बाहेर पडले. तक्त्यात टक्केवारी धाडकन खाली. एचओच्या बाईंचा फोन, "कव्हरेज का घसरलं, लोक विचारतील". अहो पगार वाढला म्हणून घसरलं! त्यांना पटलं, पण तळटीप टाकायची म्हटली तर जागा नाही असं उत्तर आलं. त्यात खरा घोळ वेगळाच, ईएसआय संपून मेडिक्लेम सुरू होईपर्यंत मधे गॅप पडू नये यासाठी आमची जी धावपळ झाली ती कुठल्याच रकान्यात बसत नाही. एकाच्या आईचं मोतिबिंदूचं ऑपरेशन तेवढ्यात आलं होतं, ते कसं निभावलं ते आम्हालाच माहीत.

किमान वेतनाचा तक्ता पण मस्त आहे, मी तर म्हणेन फॉर्मातला सगळ्यात प्रामाणिक. दोनच रकाने: किमान वेतनाएवढं आणि किमान वेतनापेक्षा जास्त. कुठल्याही कंपनीचा रिपोर्ट उघडा आणि "पर्मनंट सोडून इतर" वर्करची ओळ बघा. पहिल्या रकान्यात सगळे असतील तर समजून जा, ठेकेदार कायद्याने लागतात तेवढेच देतोय, वर एक रुपया नाही. आपल्याकडे किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैमध्ये बदलतो, आणि ठेकेदार तो नेहमी "पुढच्या महिन्यात ॲरिअर्ससकट देतो" म्हणतो. दिला की आपल्याला रिपोर्टमध्ये एवढं, दिला नाही की तेवढं असं काही नाही, फॉर्मला तो उशीर दिसतच नाही. मला दिसतो, कारण माझ्या केबिनबाहेर माणसं उभी असतात.

आता सेफ्टी. एलटीआयएफआर म्हणजे दहा लाख मनुष्य-तासांमागे असे अपघात किती की ज्यात माणूस पुढच्या शिफ्टला कामावर येऊ शकला नाही. हिशोब सोपा आहे, ६०० माणसं, वर्षाला माणशी २४०० तास, म्हणजे १४,४०,००० तास, एक अपघात झाला की आकडा आला ०.६९. ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास धरले की भाजक मोठा, आकडा लहान. म्हणजे माणसं जितकी जास्त राबवाल तितका सेफ्टीचा आकडा चांगला दिसणार, हे लक्षात आलं तेव्हा मी चहा खाली ठेवला. आणि शिफ्ट किती तासांची, ओटी किती होतो, हे फॉर्ममध्ये वेगळं कुठेच विचारत नाहीत. कर्मचाऱ्यांचं कल्याण म्हणून एवढी पानं आहेत आणि माणूस घरी किती वाजता जातो हा प्रश्नच नाही!

दुसरी भानगड डोळ्यांनी बघितलेली. प्रेस शॉपला एका हेल्परचं बोट चेमटलं, चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर. कसा? बसने आणला, स्टोअरमध्ये खुर्ची दिली आणि डाव्या हाताने वॉशर निवडत बसवला. पोरगा उजव्या हाताचा, उजवा हात पांढरा गुंडाळलेला मांडीवर, आणि पुढ्यात वॉशरचा क्रेट. सेफ्टी ऑफिसर म्हणाला मॅडम हा लॉस्ट टाइम नाही, हलकं काम आहे, हजेरी लागलीय. नियमात बसवता येतं हो ते. पण टाके पडले म्हणजे फर्स्ट एडच्या पुढची ट्रीटमेंट झाली, ती "नोंद करण्याजोग्या दुखापतीं"च्या ओळीत यायलाच पाहिजे, त्यावर मी अडून बसले आणि लिहून घेतली. तेव्हापासून मी दुसऱ्या कंपन्यांचे रिपोर्ट वाचताना या दोन ओळी एकत्र वाचते. एलटीआयएफआर शून्य आणि खाली नोंदलेल्या दुखापती आठ-दहा असतील तर तिकडे स्टोअरमध्ये खुर्च्या मांडलेल्या आहेत असं समजा. आणि दोन्ही शून्य असतील, तेही फाउंड्रीवाल्या कंपनीत, तर नमस्कार करून पुढचं पान उलटा. नोंद करणारी कंपनी निदान बघते तरी.

ट्रेनिंगच्या रकान्यात दुसऱ्या वर्षी मी ११२% भरलं होतं. एका माणसाने दोन ट्रेनिंगला सह्या केल्या, दोनदा मोजला गेला. सॉफ्टवेअरने घेतलं सुद्धा! हो, सॉफ्टवेअर, त्याच वर्षी एचओने एक ईएसजी सॉफ्टवेअर घेतलं, नाव घेत नाही, दिसायला हिरवंगार आहे, पानं फिरतात, झाडं उगवतात. पण कंत्राटी माणसांची हजेरी त्यात एक्सेलनेच चढवायची आणि तारखेचा फॉरमॅट चुकला की सगळी फाइल परत. सपोर्टवाला मुलगा चांगला आहे, मराठीत बोलतो, पण प्रत्येक वेळी "मॅम एकदा लॉगआउट करून बघा". त्याला एकच स्टार, सॉफ्टवेअरला, मुलाला नाही.

कल्याणावरचा खर्च उलाढालीच्या किती टक्के, हा आकडा २०२३ च्या बीआरएसआर कोअरपासून (फॉर्ममधल्या निवडक, बाहेरून तपासून घ्यायच्या आकड्यांपासून) आलाय. महिला दिनाचे गुलाब आणि ॲन्युअल डेचा डीजे त्यात घालायची सूचना मला आली होती. मी नाही घातले. तसंही स्टीलचा भाव वाढून उलाढाल फुगली की ही टक्केवारी आपोआप खाली येते आणि इकडे कुणाचा एक रुपया कमी केलेला नसतो, त्यामुळे मी तरी एका वर्षाच्या आकड्यावरून काही मत बनवत नाही.

तपासणीचं म्हणाल तर कोअरच्या आकड्यांवर बाहेरच्या माणसाने सही करायची पद्धत आधी मोठ्या १५० कंपन्यांना लागली, मग २५०, मग ५००, आणि २०२६-२७ ला सगळ्या १०००. आमचा नंबर शेवटच्या बॅचमध्ये. बघू, येणारा माणूस गेटचं रजिस्टर मागतो की नुसती पीडीएफ.

शेवटचं आणि मग थांबते. रजेवरून परत येणाऱ्यांच्या तक्त्यात दोन आकडे असतात, एक परत किती आल्या आणि दुसरा परत आल्यावर वर्षभर टिकल्या किती. पहिला सगळे मिरवतात, दुसरा बघा. आमच्या तीन जणी रजेवर गेल्या, २६ आठवडे घेतले, तिन्ही परत आल्या, १००%. वर्षाने दोघीच उरल्या, ६६.६७%. सॉफ्टवेअरने लाल केलं आणि कारण मागितलं, ड्रॉपडाउनमध्ये "वैयक्तिक" होतं, तेच निवडलं मी. सोडून गेलेली ती क्वालिटीला होती, गेजचं काम तिच्याइतकं नीट कुणी करत नव्हतं. पाळणाघराच्या रकान्यात आमचं १००% आहे, कारण ५० किंवा त्याहून जास्त माणसं असली की पाळणाघर लागतंच आणि खोली आहे आमच्याकडे, बोर्ड आहे, भिंतीवर मिकी माऊस आहे. खोलीत एक्साइजच्या जुन्या फायली आहेत.

यंदा मशीन शॉपची एक जण रजेवर गेलीय, ऑगस्टमध्ये परत येईल. ॲडमिनला तीन मेल टाकलेत फायली हलवा म्हणून. चौथ्या मेलला एचओच्या बाईंना कॉपीमध्ये ठेवणार आहे.