आरटीएक्स ३०५० वाला लॅपटॉप: आठ महिने वापरल्यानंतर

गडचिरोलीतल्या वडश्याजवळच्या खेड्यात राहतो. दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावोगावच्या जत्रा) झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली नाटकं, मग लग्नं, असं शूटिंग-एडिटिंगचं काम. आधीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स होतं, ८ जीबीची एकच रॅम. दिवाळीत इंटेल आय-फाइव्ह (बारावी पिढी) आणि एनव्हिडिया आरटीएक्स ३०५० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड, ४ जीबी मेमरीचं, असा घेतला.

फरक पहिल्याच नाटकात कळला. स्टेजवर लाल-निळे फोकस, मागे काळोख, त्यामुळे चित्रात दाणे येतात. ते काढायला नॉइज रिडक्शन लावलं की जुन्यावर प्ले सुद्धा होत नव्हतं. रात्री एक्स्पोर्ट लावून झोपायचो, सकाळी निम्मंच झालेलं असायचं. आता ते ओझं कार्ड उचलतं. फक्त फोरकेवर केलं की रिझॉल्व्ह (माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर) 'जीपीयू मेमरी फुल', म्हणजे कार्डाची मेमरी भरली, म्हणून थांबतं. कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही. परवडत असेल तर ६ किंवा ८ जीबीचंच घ्या.

एका लग्नात मित्राच्या कॅमेऱ्याचं एच-२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), दहा बिट, ४:२:२ (रंगाची जास्त माहिती असलेलं) फुटेज आलं आणि एवढं कार्ड असूनही अडकायला लागलं. दोन दिवस डोकं खाल्लं. वेग वाढेल म्हणून मीच सेटिंगमध्ये 'फक्त डेडिकेटेड', म्हणजे फक्त वेगळं कार्ड, निवडून इंटेलचं ग्राफिक्स बंद केलं होतं. ३०५० ला ४:२:२ उलगडता येत नाही, इंटेलच्या ग्राफिक्समधल्या क्विक सिंक या व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाला येतं. दोन्ही सुरू केले, रिझॉल्व्ह स्टुडिओच्या (विकतची आवृत्ती) डिकोड, म्हणजे उलगडण्याच्या, सेटिंगमध्ये इंटेलला टिक केली, आणि तेच फुटेज सरळ चालू लागलं. इंटिग्रेटेडला, म्हणजे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला, कमी समजू नका हे मला तेव्हा पटलं.

लाइन गेली की कार्डाचा जोर उतरतो, बॅटरीवर त्याला पुरेशी वीजच मिळत नाही. म्हणून एक्स्पोर्ट लाइन असतानाच लावतो. मे महिन्यात टिनाखाली दुपारी पंखा एवढा ओरडायचा की जड काम पहाटेवर नेलं.

फोटो अल्बम, ऑनलाइन फॉर्म, टॅली एवढंच काम असेल तर कार्डावर पैसे घालू नका. इंटिग्रेटेडला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलीच वापरतं. रॅमच्या एका पट्टीपेक्षा दोन पट्ट्यांवर त्याला डेटा दुप्पट रुंद वाटेने मिळतो. जुन्या लॅपटॉपला ८ जीबीची दुसरी पट्टी टाकून दिली. धाकटा भाऊ आता त्यावरच लग्नाचे अल्बम बनवतो, एकदाही अडकला म्हणून हाक मारली नाही.