कागद मागा, देतात

गाडी खोकायला लागली म्हणून उद्यमनगराजवळच्या पंपावर पेट्रोलमधली भेसळ तपासायला सरळ फिल्टर पेपर मागितला. पोरानं कुरकुर न करता नोझलचं तोंड पुसलं, एक थेंब टाकला. दोन मिनिटांत उडाला, डाग नाही. रॉकेल असतं तर डाग राहतो. पेट्रोलच्या घनतेच्या नोंदींची वहीपण दाखवली. ही अक्कल भाच्याची. तो डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत प्रकल्पाला होता. 1960 ची प्रयोगशाळा. 27 ऑगस्ट 2018 ला डेहराडून-दिल्ली विमान उडालं, त्यातलं पाव हिस्सा इंधन तिथंच मोगली एरंडापासून केलेलं. आमच्याकडं तो कुंपणाला लावतात, बघा की! हवेचं मशीन मात्र तिन्ही खेपेला बंद. एक स्टार कमी. आणि गाडी? कार्ब्युरेटरात कचरा होता.