इंटरलेस्ड टेपसाठी हायब्रिड आणि रिझॉल्व्ह : काही महिने वापरल्यानंतर

खानापुरात आमचा फोटो स्टुडिओ आहे. गेल्या पावसाळ्यापासून जुन्या मिनीडीव्ही टेप (हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल कॅसेट) उतरवून द्यायचं काम बरंच येतंय. लग्नं, बारशी, बेळगावातले शिवजयंतीचे चित्ररथ, सौंदत्तीची यात्रा. एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत करतो. चित्रातल्या आडव्या रेघा घालवायला हायब्रिड हे सॉफ्टवेअर आणि त्यातलं क्यूटीजीएमसी हे रेघा घालवणारं फिल्टर, तेही फुकटच.

पीएएल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) टेपवर सेकंदाला 25 फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या निम्म्या-निम्म्या ओळी असतात. अशा निम्म्या ओळींना फील्ड म्हणतात आणि अशा चित्राला इंटरलेस्ड. म्हणजे खरे क्षण 50. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे खपून जायचं. आताच्या पडद्यावर लेझीमवाल्याचा हात कंगव्यासारखा दातेरी दिसतो आणि गिऱ्हाईक विचारतं, "काय ओ, नुसत्या रेघाच दिसायल्यात की!"

रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समधून डीइंटरलेसिंग (रेघा घालवणं) चालू करता येतं, पण ते पैसेवाल्या स्टुडिओ आवृत्तीतच. आहेराच्या रांगेला तेवढं पुरलं असतं. ढोल-ताशाच्या मिरवणुकीत मात्र मला 50 च्या 50 क्षण हवे असतात, म्हणून आधी क्यूटीजीएमसीमधून 50 फ्रेमची फाइल काढतो आणि तीच एडिटला घेतो. हालचाल इतकी सलग मिळते की वऱ्हाडाची मंडळी कॅमेरा कुठला होता म्हणून विचारतात. वेळ मात्र खातं. तासाभराची टेप रात्री लावली तर सकाळी बघायची. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून मी टेपचे तुकडे करून लावतो.

फील्ड ऑर्डर, म्हणजे कुठलं फील्ड आधीचं, हे सॉफ्टवेअरला हाताने सांगावं. डीव्हीत खालचं फील्ड आधी, एचडीव्हीत (त्याच टेपवरचं एचडी) वरचं. खात्री करायची तर 50 ची फाइल एकेक फ्रेम पुढे सरकवून एखाद्या हलणाऱ्या हातावर नजर ठेवा. हात पुढे, मागे, पुन्हा पुढे असा हिसका देत असेल तर ऑर्डर उलटी आहे.

यात्रेच्या टेपनी सगळ्यात जास्त छळलं. भंडारा उधळला की हवेतल्या पिवळ्या कणांना क्यूटीजीएमसी नॉइज समजतं आणि पुसून टाकतं; उधळण धुक्यासारखी होते. सोर्समॅच (मूळ चित्राशी जुळवून घेण्याची त्यातली सेटिंग) वाढवून कण बरेचसे परत आणता आले, पण मग अंधारातला दाणाही (चित्रातला खरखरीतपणा) परत येतो. मला तो चालतो. दुसरी भानगड रंगाची. पीएएल डीव्हीत रंगाची माहिती 4:2:0, म्हणजे चार ठिपक्यांमागे एकदाच, आधीच तुटपुंजी. एखाद्या सॉफ्टवेअरने ती प्रोग्रेसिव्ह (फील्ड नसलेल्या अखंड फ्रेमची) समजून पसरवली की भंडाऱ्याने माखलेल्या कपाळाच्या कडेला पिवळ्या पट्ट्या उमटतात. त्या नंतर निघत नाहीत.

कंपोझिटिंगचं (चित्रावर दुसरं चित्र, नावं चढवण्याचं) म्हणाल तर स्टॅबिलायझर, ट्रॅकिंग, मास्क, स्केल, यातलं काहीही रेघांच्या क्लिपवर करू नका. इंटरलेस्ड क्लिप नुसती मोठी केली तरी दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळतात आणि रेघा जाड होऊन कायमच्या बसतात. नवी नावं, दिवंगतांच्या फोटोची चौकट वगैरे मी रिझॉल्व्हमधल्या फ्यूजन या भागात 50 च्या फाइलवरच चढवतो. रिझॉल्व्हमध्ये पहिली क्लिप घेण्याआधीच प्रोजेक्टचा फ्रेम रेट 50 ठेवा. नंतर तो बदलू देत नाही.

यूट्यूबवर टाकायचं असेल तर 4:3 चं चित्र 1440 बाय 1080 करून चढवा. 720 ओळींच्या खाली यूट्यूब 50 फ्रेम ठेवतच नाही, सगळी मेहनत पाण्यात.

रिझॉल्व्हच्या पैसेवाल्या स्टुडिओ आवृत्तीत न्यूरल इंजिनचं (एआयने रेघा घालवणारं) डीइंटरलेसिंगही आहे. ते मी घेतलेलं नाही. खानापूरच्या दरात टेपचं काम करून त्याचे पैसे निघणार नाहीत.

डिस्क मात्र मोठी घ्या. तासाभराची मूळ डीव्ही फाइलच साधारण 13 जीबी, आणि 50 ची प्रोरेस (एडिटिंगसाठीचा फाइलचा प्रकार) त्याहून कितीतरी मोठी. काम पोचतं झालं की प्रोरेस उडवतो, मूळ डीव्ही ठेवतो. अजून डीव्हीडीच मागणारे आजोबा येतात. त्यांना यातलं काहीच करत नाही, टेपचं इंटरलेस्ड चित्र तसंच डीव्हीडीवर जातं. त्यांच्या घरच्या जुन्या टीव्हीवर ते झकास चालतं.