बेळगावातलं सुपरकॉम्प्युटिंगचं वर्कशॉप: पैसे वसूल, पण सगळ्यांचे नाहीत

बऱ्याच जणांनी विचारलंय की ते रिसर्चरसाठीचं एचपीसी (म्हणजे सुपरकॉम्प्युटरवर मोठी गणितं चालवायचं तंत्र) आणि डेटा सायन्सचं वर्कशॉप कसं होतं, जावं का, फी भरण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. कॉलेजचं नाव घेत नाही कारण काही वाईट पण लिहिणार आहे आणि बेळगाव केवढंसं, उद्या खडेबाजारात समोरासमोर गाठ पडायची.

मी कुठल्या नजरेनं बघतोय ते आधी सांगतो. खानापूर तालुक्यातला, पीएचडी चाललीय, विषय मलप्रभेच्या उगमाकडचा पाऊस, म्हणजे कणकुंबी-जांबोटी पट्टा. डेटा हवामान खात्याचा, १९०१ पासूनचा रोजचा पाऊस, नकाशाचे अक्षांश-रेखांशाच्या पाव-पाव अंशाचे चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनाचा. कोडिंग यूट्यूब बघून शिकलेलं, चालतंय तसं चालवायचं. आणि डिपार्टमेंटात सगळ्यांचं एकच म्हणणं, शंभर-सव्वाशे वर्षांचा डेटा लॅपटॉपवर होतोय व्हय, सुपरकॉम्प्युटरच पाहिजे.

पहिली सकाळ सोडून द्या. दीपप्रज्वलन, शाल-हार, मग भाषणं, त्यात १९८८ ला पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था कशी निघाली, १९९१ ला तिचा परम ८००० सुपरकॉम्प्युटर कसा झाला, २०१५ ला नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनला ४५०० कोटी कसे मंजूर झाले. चांगली माहिती आहे, पण तीच माहिती तीन पाहुण्यांनी पाठोपाठ सांगितली ओ. मागच्या बाकावर दोघं तर सरळ झोपलेले.

खरं वर्कशॉप दुपारी सुरू झालं. शिकवणारे दोघं, एक सर पुण्याकडचे आणि एक मॅडम धारवाडच्या. सर मराठी-इंग्लिश मिसळून, मॅडम कन्नड-इंग्लिश, आणि मधे अडलं की आमच्यातलाच कोणतरी शेजाऱ्याला समजावून सांगायचा. बैलहोंगलकडची पोरं प्रत्येक वाक्याला हौद्री सर (हो सर) म्हणायची आणि शंका मात्र सगळ्यात अवघड तीच विचारायची. मशिन आमच्यासमोर नव्हतंच, बाहेरगावच्या एका सेंटरच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या पुष्कळ कॉम्प्युटरवर, एसएसएच करून (नेटवरून लॉगिन करून) जायचं. ज्यांनी काळ्या स्क्रीनवर कधी एलएस (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) पण टाईप केलं नव्हतं त्यांचे हाल झाले, कारण लिनक्स, म्हणजे या मशिनची ऑपरेटिंग सिस्टिम, एका तासात गुंडाळलं. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातले टॉप ५०० सुपरकॉम्प्युटर सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत असं सरांनीच सांगितलं, मग त्याला अर्धा दिवस तरी द्यायला पाहिजे होता की.

त्यानंतर स्लर्म, म्हणजे जॉबची (चालवायला दिलेल्या कामांची) रांग लावणारं सॉफ्टवेअर, आणि हा भाग एक नंबर झाला. आमच्यातल्या एकानं लॉगिन केल्या केल्या तिथंच प्रोग्राम चालू केला आणि सगळ्यांच्या स्क्रीन अडकायला लागल्या. सर ओरडले नाहीत, तोच प्रोग्राम सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथं आत येतात त्या कॉम्प्युटरवर, फक्त फाईल लिहायची आणि जॉब टाकायचा, चालणार तो कॉम्प्युट नोडवर, म्हणजे आतल्या कामाच्या कॉम्प्युटरवर. दुसऱ्या एकीनं विंडोजच्या नोटपॅडमधे स्क्रिप्ट लिहून आणलेली, ती स्लर्म घेईचना, कारण विंडोजमधे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर बसतं, डॉस-टू-युनिक्स कमांड मारली की जातं. असल्या गोष्टी पुस्तकात शोधून सापडत नाहीत आणि त्यातच आपली संध्याकाळ जाते.

जॉब कितीतरी वेळ पेंडिंगमधेच का राहतो हे मला तिथं पहिल्यांदा नीट कळलं. सगळे जण भीतीनं वेळ भरताना २४ तास भरतात, जॉब असतो वीस मिनिटांचा. सर म्हणाले रविवारी रात्री खानावळीत दहाजणांचा ग्रुप मोठ्या टेबलासाठी थांबलेला असतो, तेवढ्यात दोघं येतात, आम्ही पंधरा मिनिटात उठतो म्हणतात, आणि मालक त्यांना कोपऱ्यात बसवून मोकळा होतो. स्लर्म पण मोठ्या जॉबला उशीर न करता मधल्या फटीत छोटे जॉब घुसवतो, पण तुम्ही किती वेळात उठणार ते खरं सांगितलं तरच. त्यावर एकजण म्हणाला मग दोन मिनिटंच भरूया की. भरा, दोन मिनिटं झाली की अर्ध्यात मारून टाकतंय.

आता मुख्य गोष्ट. फॉर्ममधेच लिहिलेलं की स्वतःचा डेटा घेऊन या, आणि रोज संध्याकाळी तासभर दोघं बाकाबाकावर फिरून ज्याचं त्याचं काम बघायचे. माझं फोल्डर बघून सरांनी कागद घेतला. ग्रिड १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ चौकोन. गुणिले ३६५, वर्षाला साधारण ६३.५ लाख आकडे. एका आकड्याला ४ बाईट, म्हणजे वर्षाला २५ एमबी. १२० वर्षं धरली तरी ३ जीबी. मग माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, हे तुमच्या लॅपटॉपच्या रॅममधे मावतंय, सुपरकॉम्प्युटर कशाला पाहिजे? वेळ लागत होता तो पायथनमधे एकेक चौकोन, एकेक दिवस असा फिरणारा लूप होता म्हणून. तेच काम नमपायच्या (पायथनमधल्या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या) अरेवर, म्हणजे सगळ्या आकड्यांवर एकदम केलं तर तिथल्या तिथं माझ्याच जुन्या लॅपटॉपवर चहा यायच्या आत आऊटपुट आलं.

हे सांगणारा माणूस एचपीसीच्या वर्कशॉपमधे भेटला यालाच मी सगळ्यात जास्त मार्क देतो. एरवी असल्या ठिकाणी प्रत्येकाला मोठं मशिनच विकायला बसलेले असतात.

पुढचं अजून बोचरं होतं. पाव अंश म्हणजे एका बाजूला साधारण २७ किलोमीटर. कणकुंबीला पाऊस कसा पडतोय ते आम्हाला माहीत आहे, तिथून बेळगावकडं आलं की बघता बघता कमी होत जातंय, आणि हा सगळा फरक दोन-तीन चौकोनांत दाबून बसलेला. मशिन कितीही मोठं आणलं तरी चौकोन बारीक होत नाही, त्यासाठी गावागावातल्या पर्जन्यमापकांचे आकडे लागतात किंवा मग हवामानाचं मॉडेलच बारीक ग्रिडवर चालवायला लागतंय, आणि ते करायचं असेल तर मात्र या क्लस्टरकडं या, असं सरांचं म्हणणं.

म्हणजे सगळ्यांना उगीचच बोलावलेलं असं नाही. फार्मसीच्या एक मॅडम होत्या, प्रोटीन आणि औषधाचा रेणू पाण्यात कसे हलतात त्याचं सिम्युलेशन ग्रोमॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरमधे करणाऱ्या, त्यांचा जॉब जीपीयूवर (एकाच वेळी हजारो गणितं करणाऱ्या चिपवर) गेला आणि लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवून जे होत नव्हतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी फोल्डरमधे तयार. मॅडमनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कुंदा आणला. निपाणीचा एकजण तंबाखूच्या पानांवरचे रोग ओळखणारं मॉडेल बनवणारा, त्याचा जीपीयू मात्र बराच वेळ रिकामाच बसलेला दिसायचा, कारण हजारो बारके बारके फोटो सुट्टे ठेवलेले आणि क्लस्टरची फाईल सिस्टिम असल्या बारक्या फाईलींना वैतागते. फोटो एकत्र बांधून मोठ्या फाईली केल्या, आणि गाडी पळाली.

ओपनएमपी (एकाच कॉम्प्युटरच्या कोअरमधे, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतंत्र भागांमधे काम वाटणं) आणि एमपीआय (वेगवेगळ्या कॉम्प्युटरनी एकमेकांना निरोप पाठवून काम वाटून घेणं) यांचा दिवस जड गेला. चार थ्रेड (एकाच प्रोग्रामचे एकदम चालणारे धागे) मिळून एकाच व्हेरिएबलमधे पावसाची बेरीज करत होते आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं, हा प्रयोग मस्त जमला, आता रिडक्शन (प्रत्येकाची बेरीज वेगळी करून शेवटी एकत्र करायची सूचना) का लिहायचं ते जन्मात विसरणार नाही. आमडालचा नियम, म्हणजे कोअर वाढवून काम जास्तीत जास्त किती पट वेगानं होतं ते, पण फळ्यावर आकडे घालून दाखवला. कामातला ५ टक्के भाग जरी एकामागं एकच होणारा असला, तर ४ कोअरवर साडेतीन पटीच्या आसपास, ६४ कोअर लावले तरी १५ पटीच्या आसपास, आणि कोअर कितीही वाढवा, २० पटीच्या वर काही जात नाही. आम्ही सगळे ६४ कोअर मागायला बसलेलो, गप्प झालो. पण एमपीआयला दुपार एकच, त्यात सेंड-रिसीव्ह (निरोप पाठवणारे आणि घेणारे) एकमेकांची वाट बघत अडकून बसलेले सोडवण्यातच वेळ गेला. सी किंवा फोर्ट्रान अजिबात येत नसेल तर त्या दुपारी काही कळणार नाही, मला पण अर्धंच कळलं.

डेटा सायन्सचा भाग दोन तुकड्यात होता. धारवाडच्या मॅडमनी डेटा साफ करायचं घेतलं ते उत्तम. हवामान खात्याच्या फाईलमधे जिथं माहिती नाही तिथं -९९९ असतं, समुद्रावर, देशाबाहेर, ते न काढता सरासरी काढली तर पाऊस मायनसमधे जातो, मॅडमनी मुद्दाम तसा आलेख काढून दाखवला आणि सगळा हॉल हसला. मशिन लर्निंगला मात्र तिसरेच कोणतरी आले, आणि काय घेतलं तर आयरिस. १५० फुलांचा, १९३६ पासूनचा डेटा, तो सुपरकॉम्प्युटरवर! वरून अचूकता किती छान आली म्हणून टाळ्या. एकानं विचारलं की आमचा डेटा रोजचा आहे, १२ जुलै ट्रेनिंगमधे (मॉडेलला शिकवायच्या डेटात) आणि १३ जुलै टेस्टमधे (तपासायच्या डेटात) गेला तर मॉडेलला उत्तर आधीच कळल्यासारखं नाही का होत, वर्षंच वेगळी काढायला पाहिजेत ना? तर म्हणाले चांगला प्रश्न आहे, जेवणानंतर बोलू. जेवणानंतर ते गेलेले.

सोयींचं सांगायचं तर जेवण झकास, भाकरी, भरलं वांगं, झुणका. वायफाय रडका, सगळ्यांनी एकदम लॉगिन केलं की झोपायचा, शेवटी मोबाईलच्या नेटवर काम. एकदा करंट गेला, जनरेटर चालू करायचा माणूस सापडेना. ज्यांनी काम समोरच्या टर्मिनलमधेच उघडं चालू ठेवलेलं त्यांचं गेलं, ज्यांनी स्लर्मच्या एसबॅच कमांडनं रांगेत टाकलेलं त्यांचं तिकडं निवांत चालू होतं, त्यामुळं तो पण एक धडाच झाला म्हणा. खुर्च्या प्लास्टिकच्या, दिवसभर बसून कंबर धरते. मुक्कामाची सोय कॉलेजनं केली नव्हती, चिकोडी-निपाणीची पोरं रोज येऊन-जाऊन करत होती आणि शेवटची गाडी गाठायला नेमकी संध्याकाळच्या त्या कामाच्या तासालाच उठून जायची, हे मला फार खटकलं. तो तास सकाळी ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

फी स्कॉलरला परवडणारी आहे, गाईडकडून पत्र आणलं की सवलत पण मिळते. सर्टिफिकेट शेवटच्या दिवशी हातात, बढतीसाठी सर्टिफिकेटं मोजणाऱ्यांसाठी. खरी कमाई म्हणजे वर्कशॉप संपल्यावर पण काही काळ अकाऊंट चालू ठेवलं. पण स्क्रॅच (तात्पुरत्या फाईलींच्या) फोल्डरमधलं आपोआप पुसलं जातं हे फक्त एका स्लाईडच्या तळाला बारीक अक्षरात होतं, तोंडानं कोणी सांगितलं नाही, दोघातिघांचे रिझल्ट गेले. रोजच्या रोज आरसिंक कमांडनं कॉपी करून घरी आणा.

माझ्याकडून पाचात साडेतीन. स्लर्मचा भाग आणि संध्याकाळचे ते तास पाचात पाच, मशिन लर्निंगला एक, ते पण आयरिसला.

सिम्युलेशन करत असाल, फोटोंवर मॉडेल शिकवत असाल, जीनोमचं काम असेल, तर डोळे झाकून जावा. एक्सेलमधे मावणारा डेटा असेल तर नको, आधी पायथन नीट शिका. आणि पुढच्या बॅचची नोटीस लागली की पैसे भरायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: स्वतःचा डेटा आणू देणार का, अकाऊंट नंतर किती दिवस राहणार, आणि मशिन लर्निंगला कोण येणार. तिसऱ्याचं उत्तर अजून ठरायचंय असं आलं तर त्या दिवशी उशिरा गेलात तरी चालतंय, फक्त जेवण चुकवू नका.