पाळी गेल्यावर हाडांसाठी काय घ्यावं: हॉर्मोन की अलेंड्रोनेट?

पाळी थांबल्यावर पहिली काही वर्षं हाडं सर्वांत वेगानं झिजतात, कारण हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालणारं इस्ट्रोजेन कमी झालेलं असतं. हॉर्मोनांनी, म्हणजे बाहेरून घेतलेल्या इस्ट्रोजेननं, ती उणीव भरून निघते. अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ही बिस्फॉस्फोनेट औषधं हाडात मुरून त्याच पेशींना रोखतात. मणका आणि खुबा मोडण्याचा धोका दोन्हींनी घटतो. त्यामुळे निवड ठरते ती वय, बाकीचे त्रास आणि औषध बंद केल्यावर काय होतं यांवर.

वय साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत, अंगातून वाफा येतात, घामानं झोप मोडते आणि डेक्साचा (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा) टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे १ ते उणे २.५ आहे, तर आधी हॉर्मोनांचा विचार करावा. पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल किंवा दोन्ही अंडाशय लवकर काढले असतील, तर अडसर नसल्यास निदान पन्नाशीपर्यंत ते घ्यावेत, असं आम्ही आग्रहानं सांगू.

हॉर्मोनांची भीती मुख्यतः २००२ मधल्या अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासाच्या निष्कर्षांमुळे आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हॉर्मोन) यांची एकत्र गोळी घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला खुब्याची फ्रॅक्चर ५ नी कमी झाली. स्तनाचा कर्करोग ८ नी आणि पक्षाघात ८ नी वाढला. पण त्यांचं सरासरी वय ६३ होतं. गर्भाशय काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. एकोणपन्नाशीच्या बाईनं हे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत.

गोळीनं रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. त्वचेवरच्या जेल किंवा पॅचनं तो वाढलेला दिसत नाही. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. गुंगी येते म्हणून अनेकजणी तेवढंच सोडतात. मग गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि त्यातून कर्करोगही होऊ शकतो. म्हणून प्रोजेस्टेरॉन सोडू नये, झोपताना घ्यावं. स्तनाचा कर्करोग, गुठळी, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, यकृताचा गंभीर आजार असेल किंवा अंगावरून जाण्याचं कारण कळलेलं नसेल, तर हाडांसाठी दुसरं औषध निवडावं.

साठी उलटल्यावर, किंवा किरकोळ पडूनही हाड मोडलं असेल तर बिस्फॉस्फोनेट बरं. अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. चहा-दुधासोबत घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते आणि लगेच आडवं झाल्यास अन्ननलिका भाजते. हे जमत नसेल तर झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा शिरेतून. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी), कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासावं आणि दात काढायचा असेल तर उरकून घ्यावा. नंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होते. पुढे मांडीत किंवा जांघेत दुखत राहिलं तर एक्स-रे काढावा.

हॉर्मोन थांबवले की झीज पुन्हा सुरू होते आणि मिळालेलं संरक्षण थोड्या वर्षांत ओसरतं. अलेंड्रोनेट हाडात साठून राहतं; पाच वर्षांनी धोका कमी असेल तर औषध काही काळ थांबवता येतं. म्हणून पन्नाशीत हॉर्मोन सुरू करणाऱ्या बाईनं ते बंद करतेवेळी डेक्सा करावी आणि गरज असेल तर लगेच बिस्फॉस्फोनेट सुरू करावं.