पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी: चांगलीच आहे, पण टाइमआउटचं काय?

सर्व्हरवरून एखाद्या यूआरएलचा डेटा वाचायचा म्हटलं की आपण सगळे रिक्वेस्ट्सच घेतो. ती कशी वापरायची ते सांगत बसत नाही. माझा राग एकाच गोष्टीवर आहे: टाइमआउट, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा, डीफॉल्टने 'नन' आहे, म्हणजे मर्यादाच नाही. समोरच्या सर्व्हरने कनेक्शन घेतलं आणि पुढे उत्तरच दिलं नाही, तर आपला कोड तिथेच ताटकळत बसतो. ना एरर, ना लॉगमध्ये एक ओळ.

गनिकॉर्न (पायथनचं वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) वापरत असाल, तर त्याचा सिंक वर्कर, म्हणजे एका वेळी एकच विनंती हाताळणारी प्रोसेस, अडकला तर ३० सेकंदांनी मारला तरी जातो, आणि लॉगमध्ये 'वर्कर टाइमआउट' दिसतं. जीथ्रेड प्रकारच्या वर्करमध्ये (एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड) मात्र हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' हा संकेत, चालूच राहतो, म्हणून तो मारला जात नाही. एकेक थ्रेड अडकत जातो आणि शेवटी लॉगिनचं पानही उघडेना होतं, सीपीयू रिकामाच. अशा वेळी पाय-स्पाय या टूलने डम्प घ्या, म्हणजे कोणता थ्रेड कुठे थांबलाय ते दिसतं. सगळे थ्रेड सॉकेटच्या रीडवर अडकलेले दिसतील.

आम्ही टाइमआउट (३.०५, १०) ठेवतो: पहिला आकडा कनेक्टचा, दुसरा रीडचा. सेशनवर (अनेक विनंत्यांसाठी एकच ऑब्जेक्ट) तो एकदाच लिहायची सोय नाही, हे तर फारच खटकतं. विनंती प्रत्यक्ष पाठवणाऱ्या एचटीटीपीअडॅप्टर या क्लासचा सबक्लास करून त्याच्या 'सेंड'मध्ये घालावा लागतो. तिथे 'सेटडीफॉल्ट' (किंमत दिलेलीच नसेल तरच भरणारी मेथड) चालत नाही, कारण सेशन टाइमआउट=नन असं स्वतःहून पाठवतं. नन आहे का ते तपासूनच किंमत भरा.

एवढ्याने भागेल असं वाटलं होतं, पण ते मत बदलावं लागलं. रीडचे १० सेकंद पूर्ण उत्तरासाठी नसतात, दोन वेळा डेटा येण्यामधल्या खंडासाठी असतात. दर ९ सेकंदांनी एक बाइट आला तरी टाइमआउट होत नाही. स्ट्रीम=ट्रू करून उत्तर ६४ केबीच्या तुकड्यांनी वाचलं आणि प्रत्येक तुकड्यानंतर घड्याळ तपासलं, तरी तुकडा भरेपर्यंत तपासणीची पाळीच येत नाही. म्हणून बाहेरचं वाचन सेलरीच्या (कामं पार्श्वभूमीत चालवणारी लायब्ररी) प्रीफोर्क वर्करमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रोसेसमध्ये, टाकलं आणि टास्कला टाइम_लिमिट लावली. वेळ संपली की प्रोसेसच मारली जाते.

मराठी पानं वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. उत्तराच्या हेडरमध्ये कंटेंट-टाइप नुसतं टेक्स्ट/एचटीएमएल असेल आणि कॅरसेट (अक्षरं कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहेत ते) नसेल, तर रिक्वेस्ट्स आयएसओ-८८५९-१ हे एका बाइटला एक वर्ण मानणारं एन्कोडिंग धरते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइट्सचा, त्यामुळे 'जिल्हा' या शब्दाचे (वेलांटी, काना आणि हलंत धरून ६ वर्ण) १८ परके वर्ण होतात आणि तसेच डेटाबेसमध्ये जाऊन बसतात. 'टेक्स्ट' वाचण्याआधी एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, किंवा सरळ 'कंटेंट' घेऊन डीकोड करा. जेसन डेटाला हा त्रास नाही.

नवीन काम असेल तर एचटीटीपीएक्स ही रिक्वेस्ट्ससारखीच दुसरी लायब्ररी घ्या. तिथे डीफॉल्ट टाइमआउट ५ सेकंदांचा आहे आणि कॅरसेट नसेल तर यूटीएफ-८ धरलं जातं. रीडायरेक्ट मात्र स्वतः चालू करावे लागतात. रीड टाइमआउट तिथेही खंडाचाच असतो, तेव्हा सेलरीची टाइम_लिमिट काढू नका.